‘न*क’ कोण आहे?

दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात एक दुदांडी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, निघाली होती. दुदांडी म्हणजे अक्षरांच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. बहुतेक शिवराया हातात येतात त्या अर्धवट, कारण ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे एखादं अक्षर हमखास बाहेर पडतं. हिच्यावर सगळी अक्षरं उतरली होती. मी दुपारी 2,600 रुपये कमाल बोली टाकून ठेवली. संध्याकाळपर्यंत भाव 900 वर होता.

रात्री जेवून मोबाइल उघडला तर बोल्यांच्या यादीत नवा माणूस: ‘न*क’, म्हणजे खातेनावाची दोनच अक्षरं, बाकी नाव झाकलेलं. 9 वाजून 12 मिनिटांनी 1,000. मग 1,300. मग 1,700, 2,100, 2,400. 9 वाजून 16 मिनिटांनी 2,500. आणि तिथे तो थांबला. बोलीची पायरी 100 रुपयांची, म्हणजे शिवराई माझ्या नावावर 2,600 ला पडली. माझ्या कमाल बोलीला नेमकी टेकून.

“हवी होती ना? मिळाली ना? मग तोंड का असं?” बायकोने विचारलं.

तोंड असं होतं कारण मला प्रश्न पडला होता की हा गृहस्थ नेमका 2,500 लाच का थांबला. लिलाव चालवणाऱ्यांना मेल टाकली. दोन ओळींचं उत्तर आलं: बोलीदारांची माहिती गोपनीय असते, आमच्या तपासणीत गैर काही आढळलं नाही. तपासणीत काय तपासलं, ते नाही. नाणी, तिकिटं, जुन्या नोटा, पोस्टकार्डं असलं काही ऑनलाइन घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा ‘न*क’ भेटलेला असतो. तेव्हा ही नावं कोणी झाकली, का झाकली, आणि झाकल्याने नेमकं काय हातचं गेलं, हे एकदा नीट बघू.

आधी कमाल बोलीचं गणित, कारण सगळी गोम तिथेच आहे. वाडीच्या सवालात किंवा गणपतीच्या नारळाच्या लिलावात आपण उभे राहून आकडा ओरडतो. ऑनलाइन लिलावात आपण यंत्राला सांगून ठेवतो, ‘बाबा, माझ्या वतीने 2,600 पर्यंत जा, पण गरज असेल तेवढंच.’ दुसरा 900 ला थांबला तर मला वस्तू 1,000 ला मिळते. माझे 2,600 कोणाला दिसत नाहीत. म्हणजे मी किती द्यायला तयार आहे यावर किंमत ठरत नाही, माझ्या खालोखालचा किती द्यायला तयार आहे यावर ठरते. त्या खालच्या माणसाचं खरं असणं मला इतकं महत्त्वाचं का, ते यातून कळतं. तो खोटा असेल तर माझं बिल खोटं.

ही युक्ती संगणकाची नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावी 1893 साली टपाल तिकिटांचा एक लिलाव असाच झाला होता. बोल्या पाकिटातून मागवल्या, सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला माल दिला, पण किंमत लावली दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या हिशेबाने. दूरगावच्या संग्राहकाला हजर राहता येत नाही, म्हणून ही सोय. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने अशा लिलावाचा सिद्धांत 1961 मध्ये मांडला आणि पुढे 1996 मध्ये त्याला नोबेल मिळालं. तिकीटवाले तो व्यवहार सहा-सात दशकं आधीच करत होते. पद्धत सुंदर आहे, पण तिच्या पोटात एक भीती पहिल्या दिवसापासून आहे. पाकीट फोडणाऱ्याला माझा वरचा आकडा कळतो. त्याने मनात आणलं तर माझ्या खाली एक काल्पनिक बोली ठेवणं त्याला किती वेळ लागेल?

आता नावांकडे. ऑनलाइन लिलावाचा जगातला सर्वांत मोठा बाजार म्हणजे ईबे, 1995 साली सुरू झालेला. भारतात तो 2004 मध्ये मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेऊन आला, आणि आपल्याकडच्या कितीतरी नाणेवाल्यांनी पहिली ऑनलाइन बोली तिथेच लावली. सुरुवातीची दहा-एक वर्षं ईबेवर बोलीदाराचं खातेनाव सगळ्यांना दिसायचं. कोणी किती लावले, तो आणखी कशावर बोली लावतो, सगळं उघड. मग 2006-07 च्या सुमारास त्यांनी महागड्या वस्तूंवरची नावं झाकायला सुरुवात केली. अमेरिकेत 200 डॉलर ओलांडले की नाव गायब. पुढे सगळ्याच लिलावांत नावाच्या जागी दोन अक्षरं आणि मधे तारे आले.

कारण दिलं ते फसवणुकीचं, आणि ते खोटं नव्हतं. हरलेल्या बोलीदाराला मेल यायची: ‘जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या बोलीला वस्तू देतो, पैसे या पत्त्यावर पाठवा.’ मेल विक्रेत्याची नसायचीच. कोणी तिसराच यादी वाचून हरलेल्यांना गाठायचा. नावं दिसत होती म्हणून सावज शोधणं सोपं होतं. नावं झाकली की हा धंदा बसला.

जाणत्या संग्राहकांना मात्र वेगळ्याच कारणाने नाव झाकलेलं हवं असतं. समजा पंचवीस वर्षं फक्त शिवराया गोळा करणारे एक काका आहेत. ते एखाद्या काळवंडलेल्या चकतीवर बोली लावतात. त्यांचं नाव दिसलं की मागून चारजण येतात: ‘काका घेतायत म्हणजे काहीतरी आहे.’ काकांनी आयुष्यभर डोळे फोडून कमावलेली पारख एका क्षणात फुकट वाटली गेली, वर वस्तू महाग झाली ती वेगळीच. म्हणून काका शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत गप्प बसतात. अल्विन रॉथ आणि अक्सेल ओकेनफेल्स यांनी 2002 मध्ये हेच आकड्यांत दाखवलं. ईबेवर लिलाव ठरल्या घटकेला बंद होतो, तिथे शेवटच्या क्षणी बोली लावणारे खूप. ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात मात्र दहा मिनिटं कोणाचीच बोली न आल्याशिवाय लिलाव मिटत नसे, आणि तिथे ही घाई बरीच कमी. दुसरं म्हणजे ईबेवर संगणकांपेक्षा जुन्या-दुर्मीळ वस्तूंच्या लिलावात हा प्रकार जास्त. संगणकाची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. जुन्या वस्तूची किंमत ही ज्याची त्याची माहिती असते, आणि माणूस माहिती लपवतो.

नाव झाकण्याचं आणखी एक कारण तर थेट आपल्या सरकारच्या व्यवहारात दिसलं. नागपूरकर रघुजीराजे भोसले यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती 47.15 लाख रुपयांत मिळवली, एका मध्यस्थामार्फत. आता कल्पना करा, ‘महाराष्ट्र सरकार बोली लावतंय’ असा फलक त्या दालनात लागला असता तर? सरकार मागे हटणार नाही हे ओळखून भाव चढवणारे दोन-चार तरी निघालेच असते.

म्हणजे झाकलेलं नाव म्हणजे लबाडी, हे समीकरण मांडता येत नाही. उलट उघड नावांचाही गैरवापर होतो, आणि तो जास्त मुरलेले लोक करतात. अमेरिकी सरकारने 1996-97 मध्ये मोबाइल लहरींचा लिलाव केला, तेव्हा कोण कुठे बोली लावतंय हे सगळ्यांना दिसत होतं. यू.एस. वेस्ट नावाच्या कंपनीला मिनेसोटातलं रॉचेस्टर हवं होतं, आणि मॅक्लिओड नावाची कंपनी तिथे आडवी येत होती. लिलावाच्या यादीत रॉचेस्टरचा क्रमांक 378. यू.एस. वेस्टने मॅक्लिओडची बोली पुढे असलेल्या, स्वतःला नको असलेल्या भागांवर बोल्या लावल्या आणि त्यातली एक होती 3,13,378 डॉलर. शेवटचे तीन आकडे बघा. ‘378 सोड, नाहीतर तुझ्या घरात शिरतो’, असं कोणाशी एक शब्द न बोलता सांगून झालं. मॅक्लिओडने रॉचेस्टर सोडलं. पुढे 2008 च्या मोठ्या लिलावात त्या सरकारने बोलीदारांची नावं झाकली ती अशा इशाऱ्यांना लगाम घालायलाच.

तिकिटांच्या दुनियेतही असं झालं आहे, आणि तेही वर्षानुवर्षं. 1990 च्या दशकात न्यूयॉर्कच्या तिकीटबाजारात अकरा घाऊक व्यापाऱ्यांची एक टोळी होती. खऱ्या लिलावाआधी हे लोक आपापसांत एक गुपचूप लिलाव उरकायचे. आपापले आकडे न्यूयॉर्कमधल्या एका टॅक्सी कंपनीकडे पाठवायचे. ती कंपनी जुळवाजुळव करणार. ज्याचा आकडा मोठा, त्याच्यासाठी खऱ्या लिलावात टोळीच्या वतीने एकच जण उतरणार, बाकीचे हात खाली ठेवणार, आणि स्वस्तात मिळालेल्या मालाचा फायदा नंतर वाटून घ्यायचा. जॉन आस्कर या अर्थशास्त्रज्ञाने या टोळीच्या 1,700 हून अधिक अंतर्गत लिलावांचा हिशेब तपासला. नुकसान फक्त तिकिटं विकणाऱ्यांचं झालं असं आपण म्हणू, पण नाही. आतल्या वाटपात जास्त हिस्सा मिळावा म्हणून टोळीतले लोक आतला आकडा फुगवायचे, आणि तो फुगलेला आकडाच खऱ्या लिलावात टोळीची मर्यादा व्हायचा. त्यामुळे काही वेळा टोळीबाहेरच्या साध्या संग्राहकाला उलट जास्त मोजावे लागले. त्याला कुठून कळणार, की शेजारी बसलेले अकरा जण एकच आहेत?

आपल्याकडे या गोष्टीचं उलटं चित्र पाहायला मिळतं. बाजार समितीत आंब्याच्या पेट्यांवर रुमाल टाकून त्याखाली बोटं दाबत भाव ठरवणारे दलाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना लगेच कळेल. हत्ता पद्धत. कायद्याला उघड लिलाव हवा असतो, तरी रुमाल अधूनमधून निघतोच. तिथे माणूस समोर दिसतो आणि भाव झाकलेला असतो. ऑनलाइन लिलावात भाव दिसतो आणि माणूस झाकलेला. शेतकऱ्याची तक्रार आणि माझी तक्रार मात्र एकच आहे. रुमालाखाली नेमकं काय चाललंय हे एका बाजूला माहीत आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.

मग पूर्वीसारखी खातेनावं उघडी ठेवली तर खोट्या बोल्या थांबतील का? सन 2000 चं उदाहरण घ्या. ईबेवर एक मोठं अमूर्त चित्र विकायला आलं, सुरुवात 25 सेंटपासून. विक्रेता भाबडेपणाचा आव आणून सांगत होता, गराज सेलमधून आणलंय, बायको घरात ठेवू देत नाही, पोराने त्याला भोक पाडलंय. कोपऱ्यात ‘आर. डी. 52’ अशी सही दिसत होती. रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचं असावं अशी कुजबुज पसरली आणि बोली 1,35,805 डॉलरवर गेली. विक्रेता निघाला सॅक्रामेंटोचा केनेथ वॉल्टन नावाचा वकील. बायको-पोराची गोष्ट बनावट, सही बनावट, आणि तो व त्याचे साथीदार कितीतरी खात्यांवरून एकमेकांच्या मालावर बोल्या लावत होते. ईबेने विक्री रद्द केली, 2001 मध्ये वॉल्टनने गुन्हा कबूल केला.

आणि हे सगळं नावं उघडी असताना! खातेनाव म्हणजे नाव नव्हे. एका माणसाला दहा काढता येतात. पण इथे एक गोष्ट निसटू देऊ नये. जुन्या बोल्यांच्या याद्या कोणालाही वाचता येत होत्या, म्हणून पत्रकारांना आणि इतर बोलीदारांना हे जाळं बाहेरून उलगडता आलं. हे खातं नेहमी त्याच्याच मालावर, ते खातं नेहमी याच्या. नावं उघडी होती म्हणून चोरी थांबली नाही, पण पकडणारे डोळे हजारो होते. नावं झाकल्यावर तेवढ्या डोळ्यांच्या जागी दोनच उरले, लिलाव चालवणाऱ्याचे. माझ्या मते या व्यवहारात गेलं ते हे. आणि त्याची भरपाई म्हणून आपल्याला मिळालं एक वाक्य: ‘आमच्यावर विश्वास ठेवा.’

ते दोन डोळेच चोराचे असतील तर? बिल मॅस्ट्रो हे अमेरिकेत क्रीडा-संग्रहातलं सर्वांत मोठं नाव होतं. इलिनॉयमधलं त्यांचं मॅस्ट्रो ऑक्शन्स म्हणजे बेसबॉलपटूंची छापील कार्डं जमवणाऱ्यांची पंढरीच. होनस वॅग्नर या खेळाडूचं जगप्रसिद्ध कार्ड त्यांच्याच हातून गेलेलं. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने भागीदारासोबत 1991 मध्ये ते 4,51,000 डॉलरला घेतलं होतं, आणि 2007 पर्यंत ते 28 लाख डॉलरवर पोचलं. 2013 मध्ये मॅस्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापून सरळ केल्या होत्या, आणि स्वतःच्या लिलावांत बनावट खात्यांवरून बोल्या लावून भाव चढवले होते. 2015 मध्ये 20 महिन्यांची कैद झाली. लोक कार्डाच्या कडांबद्दलच बोलतात. मला दुसरी कबुली जास्त भयंकर वाटते. कापलेली कड भिंगाखाली सापडू शकते. पण पाकीट फोडणाराच खोटी पाकिटं टाकत असेल तर बाहेर बसलेल्याला ते दिसणार कसं?

आपला कायदा याबाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याचं 64 वं कलम लिलावाबद्दल आहे. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क त्याने आधी उघडपणे राखून ठेवायला हवा. तसं न करता स्वतः बोली लावली किंवा कोणाला लावायला सांगितली तर ते बेकायदा, आणि खोट्या बोल्यांनी भाव चढवला असेल तर विक्री रद्द करायची की नाही हे खरेदीदाराने ठरवायचं. उत्तम. फक्त रद्द करण्याआधी बोली खोटी होती हे कळावं लागतं, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून दोन अक्षरं आणि एक तारा आहे. इंग्लंडमध्ये 2010 मध्ये एका मिनीबसवाल्याला ईबेवर स्वतःच्याच मालावर बोली लावल्याबद्दल 250 तास समाजसेवा आणि 5,000 पौंडांचा भुर्दंड पडला. तोही कुणा हरलेल्या-जिंकलेल्या बोलीदाराने यादी वाचून पकडला नव्हता. एका गाडीच्या मायलेजबद्दल तक्रार आली आणि सरकारी खात्याने खोदायला घेतलं तेव्हा दुसरं खातं सापडलं.

तरी झाकलेल्या यादीतूनही थोडंफार वाचता येतं. ईबेने नाव झाकलं, पण त्याच्या मागचं वागणं थोडं उघडं ठेवलं: या बोलीदाराला किती प्रतिसाद (फीडबॅक) आहेत, गेल्या 30 दिवसांत त्याने किती बोल्या लावल्या, त्यातल्या किती टक्के याच विक्रेत्याकडे, किती वेळा बोली मागे घेतली. यातला शेवटचा आकडा सोन्यासारखा आहे. कसा, ते बघा. मला तुमची कमाल बोली काढून घ्यायची असेल तर मी 100-100 ने चढत जातो, जोवर मी तुमच्या वर जात नाही तोवर. गेलो की तुमचा आकडा मला कळला. मग मी ‘चुकून शून्य जास्त पडलं’ म्हणून बोली मागे घेतो, आणि तुमच्या आकड्याच्या एक पायरी खाली नवी लावतो. वरवर काहीच घडलेलं दिसत नाही. मागे घेतलेल्या बोल्यांचा रकाना असेल तरच ते दिसतं. ज्या लिलावगृहाच्या पानावर हा रकाना नाही, तिथे मी हात आखडता घेतो.

टक्केवारीच्या बाबतीत मात्र सावध. ‘90 टक्के बोल्या एकाच विक्रेत्याकडे’ वाचून आपण लगेच चोर म्हणतो. माझंच खातं उघडून बघितलं तेव्हा माझ्या तीन-चतुर्थांश बोल्या दोन विक्रेत्यांकडे निघाल्या. शिवराया विकणारी बरी मंडळी आहेतच दोन. मी कोणाचा हस्तक नाही, मी फक्त वेडा आहे. शंका घ्यायची ती अनेक खुणा एकत्र आल्यावर: खातं नवं, बोल्या एकाच दुकानात, नेहमी मधल्या टप्प्यात, कधीच जिंकत नाही, आणि चुकून जिंकलाच तर तीच वस्तू महिन्याभराने पुन्हा लिलावात.

माझ्या ‘न*क’ला यातल्या दोनच खुणा लागू पडत होत्या. प्रतिसाद 38, म्हणजे खातं अगदी नवं नाही. बोली मागे घेतलेली नाही. आणि 2,500 लाच का थांबला? बाकीच्यांनी 2,500 लाच थांबावं इतका तो गोल आकडा आहे. मी स्वतः किती वेळा 2,500 ला थांबलो असेन. मीच 2,600 लिहिलं होतं ते ‘सगळे 2,500 लिहितात’ म्हणून.

परवा एका शिवराईवर ‘क*न’ दिसला. तीच दोन अक्षरं, उलटी. प्रतिसाद 41. त्या नाण्याचे माझ्या लेखी 1,800 होत होते, 1,900 ला ते मला नको होतं. 1,800 टाकले, मोबाइल चार्जिंगला लावला आणि झोपलो.